डोंग्यात भासरा नसतो

पाणी नाकातोंडात गेलं तेव्हा मला पहिला राग आला तो लुगड्याचा. नऊ वार कापड पायांना गुंडाळलं होतं आणि जितके पाय झाडावे तितकं ते आवळत होतं. वर डोंगा पालथा पडलेला. खाली पायाला तळ लागत नव्हता. पावसाळ्याचं गढूळ पाणी, डोळे उघडून काही उपयोग नव्हता. कुणाचा तरी पाय माझ्या खांद्यावर पडला. मग कुणीतरी माझा पदर धरून ओढला. मी तो सोडवून घेतला. हे लिहायला हवं म्हणून लिहिते. कोण ओढत होतं ते मला माहीत नाही. मी सोडवून घेतला.

वर आले तर हाताला प्लॅस्टिकची कॅन लागली. माझ्या मोठ्या लेकाची डिझेलची कॅन होती ती, अर्ध्याहून जास्त रिकामी. तिला पोटाशी आवळून धरलं आणि तोंड पाण्याबाहेर काढलं. लोक म्हणतात अशा वेळी माणूस देवाला हाक मारतो. मी मारली नाही. "धाकटी कुठं आहे? धाकटी कुठं आहे?" एवढंच ओरडत होते. धाकटी म्हणजे माझी धाकटी सून. तिला पोहता येत नव्हतं. आणि भर पाण्यात, चालत्या डोंग्यात, तिला जागेवरून उठवलं होतं मीच.

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर आहे. जिल्ह्याचे दोन झाले, गोंदिया वेगळा निघाला, त्यानंतर काही वर्षांनी खालच्या अंगाला धरणात पाणी अडवायला लागले. त्याआधी उन्हाळ्यात आम्ही नदी पायी ओलांडत होतो, डोक्यावर भारा घेऊन, गुडघाभर पाण्यातून. पाणी तुंबलं तशी नदी रुंद झाली, खोल झाली आणि वाहायची बंद झाल्यासारखी दिसू लागली. आमचं धानाचं वावर पलीकडच्या काठावर होतं. पुलावरून जायचं तर कोंढ्याला जाऊन एसटी धरायची, फिरून पलीकडे उतरायचं, मग चालायचं. पोहोचेपर्यंत रोवणीची, म्हणजे धानाच्या लावणीची, अर्धी वेळ गेलेली. म्हणून सगळे डोंग्यानं जात. डोंगा म्हणजे लाकडी नाव, लांब आणि अरुंद, बसायला तीन आडव्या फळ्या. नावाडी मागे उभा राहून बांबूनं ढकलायचा, खोल पाण्यात वल्हं घ्यायचा. त्याच्या बापानंही हेच केलं होतं.

रोवणीच्या दिवसांत सकाळी डोंग्याच्या खेपा ठरलेल्या असत. आधी पुरुषांची खेप, मागून बायांची. हे काही सोयीसाठी नव्हतं. भासऱ्यासाठी होतं. नवऱ्याचा मोठा भाऊ तो भासरा. त्याच्यासमोर सुनेनं डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही, त्याच्या बाजेवर बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि चुकून अंगाला अंग लागलं तर दोघांनी अंघोळ करायची. मीही तसंच केलं. माझा भासरा मरेपर्यंत मी त्याचं तोंड नीट पाहिलं नाही. त्याला उजव्या गालावर डाग होता हे तो तिरडीवर होता तेव्हा कळलं.

घरात हे सांभाळता येतं. घराला दोन दारं असतात. डोंग्याला नसतात.

त्या दिवशी पुरुषांची खेप गेली होती. माझा मोठा लेक पंपाचं डिझेल आणायला कोंढ्याला गेला होता, म्हणून मागे राहिला. आम्ही बाया बसलो. मी, माझ्या दोन्ही सुना, आमच्या रोवणीच्या टोळीतल्या तिघी, आणि टोळीची मुकादमीण. ती माझी शेजारीण. तिचं घर बौद्धांचं. लहानपणी आम्ही दोघी एकाच शाळेत चौथीपर्यंत गेलो होतो, तेव्हापासून ती मला तोंडावर बोलते. मोठी सून नावाड्याच्या बाजूला बसली होती. ती सानगडीकडची, तळ्याबोडीच्या काठी वाढलेली. तिला मासोळीसारखं पोहता येत होतं. धाकटी मधल्या फळीवर होती. तिचा नवरा, माझा धाकटा लेक, जवाहरनगरला ठेकेदाराकडे कामाला होता, महिन्यातून एकदा यायचा. मध्ये परह्यांच्या पेंड्या रचलेल्या. परहे म्हणजे धानाची रोपं. ती ओली, जड.

नावाड्यानं डोंगा लोटला, तेवढ्यात काठावरून मोठा पळत आला. "थांब ना गा!" म्हणत पाण्यात शिरला आणि कॅन घेऊन मधल्या फळीवर चढला. जागा तेवढीच होती. नावाडी म्हणाला, "दादा, पुढच्या खेपेले या ना. बाया आहेत."

"पुढची खेप दुपारी करशील तू. पंप कोन चालवन, तुझा बाप?"

नावाडी हसला आणि निघाला. डोंग्याला भार जास्त नव्हता. रोवणीत याच डोंग्यातून याहून जास्त माणसं जात होती.

मधल्या फळीच्या एका टोकाला मोठा आणि दुसऱ्या टोकाला धाकटी. मध्ये हातभर जागा. ती अंग चोरून बसली, पदर तोंडावर ओढला. मला ते खटकलं. टोळीतल्या बाया बघत होत्या, उद्या विहिरीवर बोलल्या असत्या. नदीच्या मध्यावर आल्यावर मी म्हणाले, "सरक ना व तिकडे. भासरा बसून राह्यला, दिसत नाही काय तुले?"

ती उठली. ती माझं ऐकायची. हाच तिचा गुण म्हणून मी चार घरी सांगायचे.

ती एकटी उठली असती तर कदाचित डोंगा सावरला असता. पण गावात सगळे एकमेकांचे काही ना काही लागतात. टोळीतल्या दोघींच्या नवऱ्यांना माझा मोठा हा थोरल्या भावासारखा, म्हणजे त्यांचाही तो भासराच. माझं बोलणं ऐकून त्यांनाही लाज वाटली. सासवा एका सुनेला बोलतात तेव्हा ते सगळ्या सुनांना असतं. त्याही पदर सावरत उठल्या आणि तिघी मिळून एका अंगाला सरकल्या, त्याच्याकडे पाठ करून, डोंग्याच्या काठाशी.

शेजारीण हसून म्हणाली, "अवं माय! हा एकटा कितीजणींचा भासरा आहे व? नदीले काय माहीत, कोन कोनाचा भासरा?"

नावाडी ओरडला, "हालू नका! बसा खाली! बसा!"

त्या बसल्या नाहीत. बसायचं तर त्याच्याकडे तोंड करावं लागलं असतं. काठ पाण्याला टेकला, पाणी आत आलं, पेंड्या घसरल्या आणि सगळा डोंगा त्या अंगाला पालथा झाला. याला वेळ लागत नाही. चूल विझवायला याहून जास्त वेळ लागतो.

पुढचं मी कॅनला धरून पाहिलं. नावाडी दोघींना घेऊन काठाकडे जात होता. शेजारीण वल्ह्याला धरून होती आणि मला शिव्या देत होती, "पाय मार, रांडे, पाय मार!" मी पाय मारले. तिच्या शिव्यांनी मी काठाला लागले. माझा मोठा बुडी मारत होता, वर येत होता, पुन्हा बुडी मारत होता. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या मुठीत चोटी होती. चोटीच्या खाली माझी धाकटी. त्यानं तिला केसांनी ओढत आणून पालथ्या डोंग्यावर टाकलं. तिनं पाणी ओकलं. डोळे उघडले, कुणी काढलं ते पाहिलं, आणि हात उचलून डोक्यावरचा पदर शोधू लागली. पदर नव्हता. लुगडंच अर्धं वाहून गेलं होतं. तिनं हातानं तोंड झाकलं.

मोठा परत गेला. तो खूप वेळ बुड्या मारत राहिला. पलीकडून पुरुष आले, त्यांनी त्याला धरून काढलं. मोठी सून सापडली नाही.

ती दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडली, झुडपात अडकून. टोळीतली तिसरी, वयानं थोरली, तीही तिथंच जवळ सापडली. माझी मोठी सून जागची हललीही नव्हती. तिला हलायचं कारण नव्हतं. तो तिचा नवरा होता. जिला पोहता येत होतं ती डोंग्याखाली गेली आणि जिला येत नव्हतं ती वर आली. यात काही अर्थ शोधायचा असेल त्यानं शोधावा. मला सापडला नाही.

तालुक्याहून साहेब चौकशीला आले. काठावर छत्री धरून खुर्ची टाकली. नावाड्याला पोलिसांनी आदल्या दिवशीच नेलं होतं. साहेबांनी विचारलं, नावाडी प्यालेला होता का? मी म्हटलं, नाही. डोंगा जुना होता का? म्हटलं, माझ्याहून तरुण होता. माणसं जास्त होती का?

"जास्त नव्हती साहेब. उठली म्हणून उलटला."

"का उठली?"

मी सांगितलं. भासरा, पदर, माझं बोलणं, सगळं. लिहिणारा बाबू माझ्याकडे पाहत राहिला. त्यानं लिहिणं थांबवलं होतं. माझा दीर मागून म्हणाला, "वहिनी, कायले घरचं चव्हाट्यावर आणता?" साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही दुःखात आहात." आणि बाबूला सांगितलं, लिहा, क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी. त्या डोंग्याची क्षमता किती हे कुणी कधी मोजलं नव्हतं. बाबूनं लिहिलं. मी अंगठा दिला नाही, सही केली. चौथी शिकल्याचा तेवढा उपयोग झाला, खोट्याखाली स्वतःचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं.

नावाडी सुटून आला तेव्हा त्याचा डोंगा कुणीतरी फोडून जाळला होता. कुणी, ते सगळ्यांना माहीत होतं. मी त्याच्या दारात गेले. तो म्हणाला, "काकू, मी ओरडलो होतो ना, बसा म्हनून?"

"ओरडला होतास."

"मग सांगा ना लोकायले."

मी सांगत होते. ऐकायला कुणी नव्हतं. नावाड्यावर ढकललं की बरं पडतं. भासऱ्यावर ढकललं तर प्रत्येकाच्या घरात शिरावं लागतं.

दहाव्याच्या दिवशी बाया कुजबुजल्या, बायकोले सोडून भावाच्या बायकोले काढलं. मोठ्यानं ऐकलं. तो कुणाशी भांडला नाही. रात्री जेवताना माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आई, मले चोटी हाती लागली. पान्यात कोनाची चोटी आहे, मले काय माहीत?" त्याची सहा वर्षांची पोर बाजूला जेवत होती. धाकटी तिला भरवत होती. धाकटीचा हात थांबला. मग तिनं पुढचा घास दिला.

माझी एक चुलतसासू, नव्वदीची, मुद्दाम विचारायला आली. "भासऱ्याचा हात लागला व तिले. अंघोळ केली का तिनं?"

मी म्हणाले, "ती नदीतून निघाली, बुढे. अजून कोनती अंघोळ पायजे तुले?"

त्या दिवसापासून माझ्या घरात ते बंद झालं. पण माझ्या घरात बंद होऊन काय उपयोग? जिला त्याचा उपयोग झाला असता ती मसणात जळून गेली होती.

पुढच्या रोवणीच्या आधी नावाड्यानं उधार-उसनं करून दुसरा डोंगा केला. मी शेजारणीला घेऊन घाटावर गेले. ज्या कॅननं मला वर ठेवलं ती मी विसरले नव्हते. आम्ही दोघींनी गावभर फिरून रिकाम्या कॅन मागितल्या, डिझेलच्या, खाद्यतेलाच्या, फवाऱ्याच्या औषधाच्या. औषधाच्या धुवून घेतल्या. बुचं घट्ट लावली आणि नायलॉनच्या दोरीनं डोंग्याच्या दोन्ही अंगांना ओळीनं बांधल्या. लोक हसले. म्हणाले, भंगारवाल्याचा डोंगा आला. पण भंगारवाल्याचा डोंगा एका अंगाला झुकला की त्या बाजूच्या कॅन पाण्याला टेकत आणि त्याला पुन्हा वर ढकलत. नावाड्याला ते पहिल्याच दिवशी कळलं. तो हसला नाही.

फळ्या मी काढायला लावल्या. "खाली बसा, तळाशी. ढुंगन ओलं होते तर होऊ द्या." आणि एकदा बसलं की उठायचं नाही. शेजारी कुणीही येऊन बसो. डोंग्यात भासरा नसतो, सासरा नसतो, दीर नसतो, डोंग्यात माणसं असतात. हे मी रोज सकाळी घाटावर उभी राहून सांगत असे. टोळीतल्या पोरी आपसात म्हणत, "आली मास्तरीन." मला ऐकू येत होतं. माझे कान तेव्हा चांगले होते.

मग तालुक्याहून जाकिटं आली. नारिंगी रंगाची, आत फोम भरलेली, पाण्यावर तरंगणारी. फोटो निघाले. त्यानंतर ती पंचायतीच्या कपाटात गेली. रोवणी निम्मी झाली तरी कपाटातच. मी विचारायला गेले तर तिथला माणूस म्हणाला, "मावशी, मळतात ना. तपासनीले आले साहेब तर काय दाखवू?"

"मढं दाखव," मी म्हणाले. "तेही स्वच्छ असते. धुवूनच जाळतात."

त्यानं किल्ली दिली. जाकिटांवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

पण बाया ती घालायला तयार होईनात. छातीवरून पट्टे आवळायचे, तेही पुरुषांच्या देखत, पदराच्या वरून. काहीजणी जाकीट बुडाखाली घेऊन बसत, ओलं लागू नये म्हणून. मी स्वतः घातलं. लुगड्यावर नारिंगी जाकीट. पोरं ओरडली, "बुढी संत्र दिसून राह्यली!" मी म्हणाले, "संत्र तरंगते, बाबू. तुझी माय तरंगन काय?" त्याची माय डोंग्यातच होती. तिनं जाकीट बुडाखालून काढलं आणि घातलं. शेजारणीनं सगळ्यांचे पट्टे ओढून पाहिले, बैलाचं जोतं पाहावं तसे.

एक गोष्ट मला जमली नाही. धाकटी आणि मोठा, या दोघांना मी पुन्हा कधी एका डोंग्यात बसवू शकले नाही. त्या रोवणीच्या पहिल्या दिवशी मी धाकटीला मनगटाला धरून डोंग्यात बसवलं, मोठ्याला तिच्या शेजारी बस म्हटलं. सगळा घाट पाहत होता. त्याला बसून दाखवायचं होतं, मला कळत होतं. एक पाय त्यानं आत टाकलाही. मग काढला. "मी मागून येतो," म्हणाला. तेव्हापासून तो मागूनच येतो. धाकटी त्याच्या पोरीची माय झाली. त्याला जेवायला वाढते, पदर आता घेत नाही, गरज असेल ते बोलते. पण पाण्यावर दोघं एकत्र नाहीत. लोक काय बोलले होते ते नदी ओलांडताना त्यांना आठवत असेल. मला विचाराल तर दोष माझा आहे आणि तो मी दुसऱ्या कुणाला देत नाही. नावाड्याला तर नाहीच.

आता मी सत्तरीच्या पुढे आहे. रोवायला जात नाही, कंबर वाकत नाही. घाटावर मात्र जाते. यंदा पहिल्या खेपेला एक नवी सून होती, लग्नाला चार महिने झालेली, दूरच्या गावाहून आलेली. डोंगा लोटला तेवढ्यात तिचा भासरा चढला, खत घेऊन. तिला कुणी काही म्हणालं नाही. तिला म्हणायची गरज नव्हती, ते माहेरूनच शिकवून पाठवतात. ती उठायला लागली. गुडघे वर आले, पदर तोंडावर गेला.

मी काठावरून ओरडले. डोंग्यातून शेजारीण ओरडली. नावाडी ओरडला. आणि तिचा भासरा, खताची गोणी मांडीवर, तोही ओरडला, "बस! बस खाली, माय!"

ती धपकन बसली. कॅन पाण्याला टेकल्या, डोंगा डोलला, सावरला, पुढे गेला.

संध्याकाळी परत आल्यावर ती पोर माझ्याकडे आली. चिखलानं भरलेले हात, जाकिटाचे पट्टे अजून आवळलेले. घुश्शात होती. "आजी, काहून ओरडल्या मले एवढ्या लोकायसमोर? असं काय झालं होतं इथं?"

मी तिला शेजारी बसवलं आणि सांगितलं. डोंग्यात आम्ही नऊ जण होतो. वाचलो सात. नावाडी, माझी शेजारीण, टोळीतल्या दोघी, माझा मोठा लेक, धाकटी सून आणि मी.